कोन म्हनलं दीपस्तंभ?

सत्काराच्या कार्यक्रमात कुणी माइकसमोर उभं राहून ‘समाजाचे दीपस्तंभ’ असं म्हणालं की अजूनही माझं डोकं तडकतं. ही खोड मूळची माझी नाही. ती मला आमच्या घरमालकाकडून लागली, आणि त्यांच्याकडून जे काही घेतलं त्यात हा राग तेवढा अजून ताजा आहे.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. सत्तर सालानंतरची गोष्ट. यवतमाळकडून नागपुरात नव्याने आलेली, एकटी, आणि ड्युटी कधी सकाळची, कधी संध्याकाळची, कधी रात्रीची. धरमपेठेत खोलीसाठी मी चपला झिजवल्या. ‘नवरा कुठे असतो?’ हा पहिला प्रश्न, आणि ‘रात्रीची कसली नोकरी?’ हा दुसरा. एका बाईंनी खोली दाखवली, माहेरची चौकशी केली, चहासुद्धा ठेवला. पण रात्रपाळीचं कळल्याबरोबर माझा कप अर्धा असतानाच त्या उठल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या. याच बाई ट्रंक कॉल लागला नाही तर रात्री अकराला ऑपरेटरवर ओरडत असतील. ऑपरेटर म्हणजे कुणीतरी बाईच असते, आणि ती कुठेतरी राहत असते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

शेवटी नाल्यापलीकडच्या वस्तीत एक घर मिळालं. दुपारची वेळ. घरमालक झोपले होते. उठून आले तेव्हा डोळे लाल, खाकी शर्टाची बटणं मात्र गळ्यापर्यंत लावलेली.

“रात्री ड्युटी करते?”

“हो. पाळीपाळीनं.”

“मंग दिवसा झोपते का नाही?”

“झोपते.”

“बस. दिवसा झोपनाऱ्या मानसाले या घरात कोनी उठवत नाही. सामान आन.”

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, “अवो, नाव तं इचारा तिचं!”

“थे तू इचार,” म्हणाले आणि पुन्हा झोपायला गेले.

सगळी वस्ती त्यांना काकाजी म्हणायची, मीही म्हणू लागले. त्यांची बायको म्हणून काकू. काकाजींनी सगळी नोकरी कोकणच्या किनाऱ्यावर लाईटहाऊसमध्ये काढली होती. नागपूरचा माणूस समुद्रावर कसा पोचला, हे सगळ्यांनाच कोडं होतं. ते सांगायचे, “सरकारी जाहिरात होती. लाईटहाऊस म्हनजे मले वाटलं, इलेक्ट्रिकचं हापिस असन.” पुढे दीक्षा घेतलेल्या घरातला, थोडं शिकलेला तरुण. गिरणीत कापूस छातीत भरून घेण्यापेक्षा सरकारी हापिस बरं, असं म्हणून अर्ज टाकला, आणि दोन महिन्यांनी एका कड्यावर, ज्याची भाषासुद्धा नीट कळत नव्हती अशा गावाजवळ, ट्रंक घेऊन उभे. समुद्र त्यांनी त्याआधी पाहिलेला नव्हता. “पाह्यला आन पयले राग आला,” म्हणायचे. “येवढं पानी, आन एक घोट पेता येत नाही!”

निवृत्त होऊन नागपूरला परतले तरी त्यांची ड्युटी काही संपली नाही. दिवे लागायच्या आधी उठायचे, अंघोळ करायचे, खाकी चढवायचे, गच्चीवर जाऊन चारी दिशांना पाहायचे आणि कंदील पेटवायचे. घरात वीज होती. तरी कंदील. सगळ्या वस्तीला त्यांच्या हातातलं फडकं माहीत होतं. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी वर बघायचे. “हा बल्ब कधी पुसला होता?” समोरचा हसला की संपलं. स्टूल मागायचे, चढायचे, गरम बल्ब फडक्यात धरून उतरवायचे. एकदा एका घरी वधूपरीक्षा चालू होती. काकाजी शेजारी म्हणून बोलावलेले. मुलगी पोहे घेऊन आली आणि त्याच क्षणी घरात अंधार झाला. काकाजींनी बल्ब काढला होता. “पोरगी नीट पाह्यची हाये ना तुमाले? मंग थांबा!”

उन्हाळ्यात दुपारी ते घरातले सगळे पडदे ओढून घ्यायचे, आणि एखादा उघडा दिसला की खेकसायचे. नागपूरच्या मे महिन्यात पडदे कोण ओढत नाही? पण त्यांचं कारण वेगळं होतं. लाईटहाऊसचं ते माणसापेक्षा उंच भिंग दिवसा झाकून ठेवावं लागतं. नाहीतर ऊन त्यातून उलटं आत शिरतं आणि दिवाच पेटवून टाकतं. ही सवय हाडात गेली होती.

त्यांचा सगळ्यात मोठा राग होता तो लोकांच्या कौतुकावर. एका बँकेच्या कॅलेंडरवर लाईटहाऊसचं चित्र आलं होतं. निळं आकाश, पांढरा मनोरा, खाली फेसाळ लाटा. मी हौसेनं त्यांना नेऊन दिलं. त्यांनी पाहिलं आणि ते भिंतीकडे तोंड करून खिळ्याला टांगलं. “भर दुपारी बत्ती पेटवून ठेवली मूर्खानं!” शेजारचे एक प्राध्यापक एकदा म्हणाले, “काकाजी, काय भाग्यवान तुम्ही! तो एकांत, तो समुद्र!” काकाजींनी त्यांना खाली बसवलं आणि एकांत म्हणजे काय ते सांगितलं. रॉकेलचा धूर नाकात. खाऱ्या हवेनं सडलेल्या बिजागऱ्या. पावसाळ्यात पीठ संपलं तरी होडी येत नाही. भिंग फिरवणाऱ्या यंत्राचं लोंबतं वजन तासातासाला हातानं वर ओढायचं, कारण ते खाली टेकलं की भिंग फिरायचं थांबतं, आणि भिंग थांबलं की दूरच्या जहाजाला ती बत्ती भलत्याच गावची वाटते. “एकांत पाह्यजे असन तं सर, तुमच्या संडासात मिळते. त्यासाठी समुद्र काहून पाह्यजे?” प्राध्यापक हसले. काकाजी हसले नाहीत.

पण एक सांगते. त्याच काकाजींच्या गच्चीवर उन्हाळ्याच्या संध्याकाळी निम्मी वस्ती जमायची. गच्चीवर पाणी मारलेलं, खाटा टाकलेल्या. समुद्रापासून इतक्या लांब, जिथे नाव म्हणजे तलावातली, अशा गावातले रिक्षावाले, बिडी वळणाऱ्या बाया, पोस्टमन लाईटहाऊसची गोष्ट पुन्हा पुन्हा मागायचे. काकाजी आधी चिडायचे, मग सुरू व्हायचे. पूर्वी लोक डोंगरावर लाकडं जाळायचे. मग मनोरे बांधले आणि वर कोळसा पेटवला. कोळसा पावसात विझायचा, मग काचेची खोली केली आणि आत तेलाचे दिवे ठेवले. मग कुणा शहाण्यानं भिंगं कापली आणि हातभर ज्योत पंचवीस मैलांवर दिसू लागली. ते टनावारी वजनाचं भिंग पाऱ्याच्या हौदावर तरंगत ठेवतात, बोटानं ढकललं तरी फिरतं, हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. चिडखोर माणूस क्षणभर कुठेतरी जायचा. प्रत्येक बत्तीची चाल निराळी. एक दोनदा चमकते आणि थांबते, दुसरी सावकाश एकदाच. खलाशी मोजतो आणि ओळखतो, हे अमुक गाव. “बत्ती आपलं नाव सांगते,” ते म्हणायचे, “आन कोन पाहून राहिला, थे इचारत नाही.”

बाया विचारायच्या, “आन खोटी बत्ती?” कारण ती गोष्ट सगळ्यांना आवडायची. काही किनाऱ्यांवर म्हणे लुटारू लोक मुद्दाम भलत्या जागी दिवा लावायचे. जहाज खडकावर आलं की माल लुटायचे. काकाजी एवढ्या संतापानं सांगायचे, जसं काही कालच घडलं आणि पोलिसांनी तक्रार घेतली नाही.

आता रपट्याचं सांगते. आमची वस्ती आणि धरमपेठेची बाजू यांच्यामध्ये नाला होता आणि नाल्यावर रपटा, म्हणजे कठडे नसलेला बुटका सिमेंटचा पूल. महापालिकेचे दिव्याचे खांब त्या बाजूनं रांगेत यायचे आणि नाल्याशी थांबायचे. जणू पलीकडे माणसांना अंधारात दिसतं. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी जायचं, कडा दिसायची नाही. सायकलवाले पडायचे, बाया डोक्यावरच्या ओझ्यासकट पडायच्या. अर्ज करून झाले होते. शेवटी काकाजींनी स्वतः रपट्याच्या दोन्ही टोकांना बांबू रोवले आणि रोज संध्याकाळी त्यांवर कंदील टांगू लागले. सकाळी काढायचे, काचा पुसायचे.

त्याच सुमारास आमच्या नगरसेवकांचा नागरी सत्कार ठरला. शाळेचं मैदान, मांडव, लाउडस्पीकर. मांडवात एवढे बल्ब होते की त्यातला एक जरी रपट्यावर लावला असता तरी भागलं असतं. काकाजींना शेजाऱ्यांनी आग्रहानं नेलं, मीही गेले. हार झाले, शाल झाली. मग सूत्रसंचालक म्हणाले, “आपल्या प्रभागाचे, नव्हे, आपल्या समाजाचे दीपस्तंभ...”

माझ्या शेजारची खुर्ची वाजली.

“थांबा गा! कोन म्हनलं दीपस्तंभ?”

मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. सूत्रसंचालक कसंनुसं हसले. “काकाजी, बसा. कार्यक्रम होऊ द्या.”

“कार्यक्रम होऊ द्या, पन थो शब्द मांगं घ्या. मी उभी उमर दीपस्तंभात काढली. दीपस्तंभाले काम असते. खडक कुठं हाये थे दाखवाचं, आन रोज दाखवाचं. रपट्यावर मानसं पडून राहिले, ह्यायनं एक दिवा लावला का? दिवा न लावनारा दीपस्तंभ मी तं पाह्यला नाही बाप्पा!”

दोन स्वयंसेवक त्यांचा दंड धरायला आले. तेवढ्यात नगरसेवकांनी व्यासपीठावरून हात वर केला. हार गळ्यात तसाच. “नाही, नाही. त्यांना कोणी हात लावू नका. वडीलधारी माणसं आहेत, त्यांचा अधिकारच आहे आपल्याला रागवायचा. काकाजी, येत्या बजेटमध्ये तुमचा दिवा नक्की!”

आणि टाळ्या पडल्या. कडकडून. नगरसेवकांचं मन किती मोठं, म्हणून. काकाजी उभेच होते आणि त्यांच्या भोवतीचे सगळे, रपट्यावर ढोपरं फोडून घेतलेलेसुद्धा, टाळ्या वाजवत होते.

घरी येताना ते एवढंच म्हणाले, “पाह्यलं? टाळ्या त्याले पडल्या.”

आठवडाही झाला नसेल. मी ड्युटीवर होते. महापालिकेची गाडी आली आणि रपट्यावरचे बांबू, कंदील उचलून घेऊन गेली. रहदारीला अडथळा, विनापरवाना. इतकी वर्षं अर्ज करून न आलेली गाडी दोन कंदील उचलायला न बोलावता आली. कुणी पाठवली ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोललं नाही.

त्यानंतर पडले ती मी. श्रावणातली झड, संध्याकाळची ड्युटी संपवून येत होते, सायकल रपट्याच्या कडेवरून खाली गेली. हात मोडला. पाणी कमरेएवढं होतं म्हणून वाचले. दोन रिक्षावाल्यांनी मला वर काढलं. प्लास्टर घालून घरी आले तर भेटायला येणाऱ्या बायका काय म्हणाव्यात? “एकट्या बाईनं अंधारात कशाला हिंडावं?” दिवा कुणी नेला, हे एकीनंही विचारलं नाही. माझा हात मोडला त्याचं मला तेवढं वाटलं नाही, जेवढं त्या एका वाक्याचं वाटलं.

काकाजी मला पाहायला आले, दारातच उभे राहिले. प्लास्टरकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाकी चढवली, घरातला उरलेला कंदील पेटवला आणि रपट्यावर जाऊन, तो हातात धरून, उभे राहिले.

महापालिकेचा माणूस आला. मुकादम असावा. बिचारा अवघडला. “काकाजी, हे काय करून राहिले?”

“उभा हावो.”

“कंदील...”

“बांबू रोवला का मी? खड्डा केला का? मानूस उभा हाये, त्याच्या हातात कंदील हाये. मानसाले उभं राहाले परवाना लागते का? लागत असन तं साहेबाले सांग, मले उचलून गाडीत टाक.”

मुकादम डोकं खाजवत निघून गेला. आणि काकाजी उरलेला सगळा पावसाळा रोज संध्याकाळी तिथं उभे राहिले. छत्री एका हातात, कंदील एका हातात. पहिल्या दिवसांत लोक हसले. मग सायकलवाले घंटी वाजवून जाऊ लागले. मग बाया थांबून पलीकडच्या बाईला हाक मारू लागल्या, “ये वं, काकाजी हायेत!” काकू डबा घेऊन जायच्या आणि तिथंच भांडायच्या, “तुमाले निमोनिया झाला तं कंदील कोन धरन?” निवडणूक जवळ आली तेव्हा खांब आला. नगरसेवकांनीच बटण दाबलं. महिन्याभरात बल्ब गेला. काकाजींनी पुन्हा कंदील काढला.

हात प्लास्टरमध्ये असताना मी दिवसभर घरी असायचे, आणि तेव्हाच काकूंनी ती दुसरी गोष्ट सांगितली. गच्चीवरच्या गोष्टींत ती कधी आली नव्हती. काकाजींचा पुतण्या त्यांच्याकडे राहून वकिलीचं शिकत होता, तोही बसला होता. काकू भाकरी थापत सांगत होत्या. त्या पहिल्या गावात लाईटहाऊसच्या खाली एकच गोड्या पाण्याची विहीर होती, गावातल्या मोठ्या माणसाची. हे लोक कोण, नागपूरचे म्हणजे कोणते, हे त्यानं आठवडाभरात काढून घेतलं आणि विहीर बंद केली. सरकारी नोकर, सरकारी क्वार्टर, पण पाणी नाही. काकूंना टेकडीच्या पलीकडच्या झऱ्यावरून हंडा आणावा लागायचा. वर्षानुवर्षं.

“आन त्याच मानसाच्या बोटी,” काकू म्हणाल्या, “वादळात ह्यायच्याच बत्तीनं घरी आल्या. सकाळी पोरं-बाळं किनाऱ्यावर, नवस, नारळ. मले वाटलं, आज तरी विहीर उघडन.”

“उघडली?” मी विचारलं.

“कायले उघडते वं!”

पुतण्या ताडकन उठला. “एक रात्र बत्ती बंद ठेवायची होती! एक रात्र! सगळी अक्कल आली असती ठिकाणावर.”

आतल्या खोलीत काकाजी झोपले आहेत असं आम्ही समजत होतो. पडदा बाजूला झाला.

“काय म्हनला बे? बत्ती बंद ठेवाची?”

“हो! ज्यांनी पाणी दिलं नाही त्यांना उजेड कशाला द्यायचा?”

“त्याची बोट आन कोळ्याच्या पोराची बोट मी वरून वेगळी करू का? आन केली असती तरी? मी बत्तीवाला हावो, थानेदार नाही.”

“मग तुम्हाला रागच येत नाही म्हणा!” पुतण्या ओरडला.

काकाजींचा चेहरा असा झाला की मला भीती वाटली. “राग? तुह्या जलमाच्या आंधीपासून राग येऊन राहिला मले. रोज सकाळी त्या विहिरीकडं पाहून राग येत होता, आन त्याच रागानं मी काचा पुसत होतो. साहेब तपासनीले येत तं म्हनत, येवढ्या साफ काचा साऱ्या किनाऱ्यावर नाहीत. कशानं साफ होत्या, थे त्याले काय सांगू?”

पुतण्यालाही काही कमी राग नव्हता. तो म्हणाला, “तुमच्या साफ काचांनी विहीर उघडली नाही.” काकाजी म्हणाले, “नाही उघडली.” आणि पडदा ओढून आत गेले. दोघंही बरोबर होते असं मला तेव्हा वाटलं. आजही कोण जास्त बरोबर, ते मला ठरवता येत नाही.

काकाजी गेले ते दहाएक वर्षांनी, छातीच्या दुखण्यानं. त्यानंतरच्या हिवाळ्यात काकू मला म्हणाल्या, “मले थे पयली जागा एकदा पाह्यची हाये. तू चाल.” मी रजा काढली. रेल्वे, मग एसटी, मग पायी चढ. संध्याकाळी पाहुण्यांना वर सोडत होते, त्याचं तिकीट होतं. काकू दारात अडल्या.

“तिकीट? या बत्तीखाली माही जवानी गेली, आन मी तिकीट काढू?”

तिथला तरुण कर्मचारी चांगला होता. कोण आहेत ते कळल्यावर हात जोडून म्हणाला, “आजी, तुम्ही जावा तशाच वर.”

“काहून? फुकट काहून जाऊ?” काकू आणखी भडकल्या. “माया मानसानं इथं कोनाचं फुकट खाल्लं नाही. काढ तिकीट!”

चढताना त्यांनी मला सांगितलं की त्या आजवर कधीच वर गेल्या नव्हत्या. काकाजी नेत नसत. ड्युटीच्या जागी घरची माणसं नकोत, हा त्यांचा कायदा. काकूंना त्या गोष्टीचा राग होताच. प्रत्येक वळणावर दम खात त्या तो थोडा थोडा बाहेर काढत होत्या.

वरच्या सज्ज्यात आलो. दिवा लागायला अजून वेळ होता. वारा एवढा की पदर हातात धरावा लागला. माझ्यासमोर समुद्र होता, गच्चीवर इतकी वर्षं ऐकलेला, आणि मी भान विसरून म्हटलं, “काकू, बघा तर!”

काकूंची समुद्राकडे पाठ होती. त्या कठडा धरून जमिनीकडे बघत होत्या. खाली त्यांचं जुनं क्वार्टर, त्याच्यापुढे विहीर, आणि विहिरीला वळसा घालून टेकडीवर चढणारी, पलीकडे उतरून झऱ्याशी पोचणारी पायवाट. मध्ये एक झाड आड येत नव्हतं. सगळी वाट इथून तिथपर्यंत उघडी दिसत होती.

“सकाळच्या पारी थे इथं काचा पुसाले राहत,” काकू म्हणाल्या. “मी त्याच वक्ताले पान्याले जात होती.”

मी ती वाट पुन्हा विहिरीपासून टेकडीपर्यंत पाहिली.

“रोज दिसत असन मी त्यायले. जाताना, येताना. हंडा घेऊन. कधी बोलले नाहीत, बाई. इतक्या वर्षांत एकदा बी बोलले नाहीत!”

मला वाटलं आता रडतील. पण त्यांनी कठड्यावर मूठ आपटली आणि वाऱ्यात, कुणीच नव्हतं तिकडे तोंड करून, साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा ओरडल्या,

“दिवसा कोनती बत्ती जळत होती वो तुमची? खाली येऊन एक हंडा उचलता आला नसता?”